डाव्या कानाची खाच

मेंढरं मेल्याचं कळलं तो बुधवार होता. दुसऱ्या दिवशी बिरप्पाच्या बायकोला, बनाबाईला जाऊन वर्ष भरत होतं. त्यासाठी लेक वैजयंती अकलूजहून मंगळवारी संध्याकाळीच आली होती, आणि बहीण आली म्हणून धनाजी मेंढरांपाशी झोपायला न जाता घरीच राहिला होता.

बिरप्पा सगळ्यांच्या आधी उठला. बायको गेल्यापासून त्याला पहाटे झोप लागत नसे. उजाडताच त्यानं काठी घेतली आणि तो ओढ्याकडं निघाला. ओढ्याकाठच्या पडीक रानात वाघर लावलेली होती. मेढी रोवून चारी बाजूंनी जाळी ओढलेली आणि आत पंच्याऐंशी मेंढरं. लांबूनच त्याला दिसलं की जाळी एका अंगाला आडवी झाली आहे आणि मेंढरं रानभर पांगून गप्प उभी आहेत.

एकोणीस मेली होती. त्यानं एकेक उलटून बघितलं. एकाचाही गळा धरलेला नव्हता. मागच्या फऱ्या फाडलेल्या, शेपट्या तुटलेल्या, पोटं उघडी पडलेली. खाल्लेलं जवळजवळ काहीच नव्हतं. राखणीचा काळ्या कुत्रा पाण्याच्या टाकीजवळ बसला होता. त्याच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. बिरप्पाला बघून त्यानं शेपटी हलवली आणि मान दुसरीकडं वळवली.

जाळी जिथं आडवी झाली होती तिथं एक कुत्री मरून पडली होती. तिची मान जाळीत अडकली होती, आणि सुटायला धडपडताना पीळ बसून गळा आवळला होता. भुऱ्या रंगाची, छातीवर पांढरा ठिपका. बिरप्पानं वाकून तिचा डावा कान बोटांत धरला. टोकाला तिरपा काप होता आणि त्याखाली एक खाच.

मग त्यानं चाकूनं जाळी कापली, कुत्रीला पाय धरून ओढत घळीपर्यंत नेलं, खाली ढकललं आणि वर बोरीच्या काट्या टाकल्या. परत येऊन ओढत नेल्याची खूण पायानं पुसली. आणि मग तो धनाजीला उठवायला घराकडं वळला.

तो काप बनाबाईनं केलेला होता. घरच्या मेंढरांच्या डाव्या कानाला ही खूण बिरप्पाच्या आजोबांपासून चालत आलेली. कुत्र्यांना अशी खूण कुणी करत नाही. पण एकदा सांगोल्याच्या बाजारात त्यांचं एक पिल्लू चोरीला गेलं आणि ज्याच्याजवळ सापडलं तो तोंडावर म्हणाला, "तुमचं कशावरनं?" तेव्हापासून पिल्लांचे डोळे उघडले की बनाबाई कातर तापवून घेई आणि एकेकाला मांडीवर घेऊन तो काप देई. एखादं पिल्लू घरी ठेवायचं, बाकीची द्यायची. विकायची नाहीत, मारायची नाहीत. "पोटाची सोय बघून द्या," एवढंच म्हणून ती पिल्लांची पाटी बिरप्पाच्या डोक्यावर चढवी.

पूर्वी द्यायला अडचण पडत नसे. बोरमाळावर अकरा घरांची मेंढरं चरत होती आणि प्रत्येकाला कुत्रं लागे. मग पोरं सोलापूरला, पुण्याला कामाला लागली. कळप बाजारात गेले आणि तीन घरं उरली. कुत्री मात्र पहिल्याइतकीच व्यायची. सहा वर्षांमागं बिरप्पा पाटी घेऊन दोन दिवस हिंडला आणि कुणी एक पिल्लू घेतलं नाही. परत न्यावीत तर बनाला काय सांगायचं? वाटेत धाकट्या भावाचं, रेवणप्पाचं कोंबड्यांचं शेड लागत होतं. शेडमागं मेलेल्या कोंबड्या टाकायचा खड्डा होता. पोटाची सोय होती. त्यानं पाटी तिथं उपडी केली.

घरी येऊन त्यानं सांगितलं, तीन वेळापूरला दिली, दोन मंगळवेढ्याच्या अंगाला. बनाला लेकी दिल्यासारखा आनंद झाला. मग दर वर्षी तो तेच करत आला आणि दर वर्षी गावांची नावं नवीन सांगत आला. बना बोटांवर मोजायची. "आपली चौदा कुत्री चौदा वाड्यांवर हायेत," असं आल्यागेल्याला सांगायची. त्यातली भुरी तिची फार लाडकी. ती दुधनीला आहे, असं तिला वाटत होतं. जायच्या आधी पंधरा दिवस, दवाखान्यातल्या खाटेवरून ती म्हणाली, "अवं, बरी झाले की दुधनीला जाऊन भुरीला बघून यिऊ."

"जाऊ की," बिरप्पा म्हणाला होता.

आठ वाजेपर्यंत ओढ्याकाठी तीसेक माणसं जमली. जोतिराम सगळ्यांत पुढं होता. त्याची मेंढरं कधीच विकली गेली होती, पण माळावर काही झालं की बोलायला तो पहिला.

"ह्ये लांडग्याचंच काम हाय," तो म्हणाला. "त्या खालच्या उतारावर व्यालीय ती. परवाच बघितली मी. आन ती जागा राखली कुणी? ह्यांच्याच घरानं. मार्गशीर्षापास्नं शिमग्यापातुर मेंढरू फिरकू देत नव्हते तिकडं."

ते खरं होतं. तो उतार बनाबाईनं सोडलेला होता. लांडगीण तिथल्या बिळात विते हे तिला ठाऊक होतं आणि थंडीचे ते चार महिने ती त्या बाजूचं गवत चारू देत नसे. "बाळंतिणीच्या दारात गर्दी करू ने," म्हणायची. वर्षाला सात-आठ कोकरं जात. त्याला ती वाटा म्हणायची, चोरी म्हणायची नाही.

"बोला आण्णा," जोतिराम बिरप्पाकडं वळला. "खूण वळखणारा तुमच्यावाणी माणूस न्हाय पंचक्रोशीत. तुमी सांगाल त्ये खरं."

सगळे बिरप्पाकडं बघत होते. तो घळीकडं बघत होता.

"बघू," तो म्हणाला.

"आता बघायचं काय ऱ्हायलंय? वनरक्षक चारला येतोय पंचनाम्याला. त्येच्या आधी बीळ उकरून मोकळं व्हऊ. दोनला फावडी घिऊन या रं समदी."

बिरप्पा काही बोलला नाही. त्याचं न बोलणं म्हणजे होकार, असंच सगळ्यांनी धरलं.

घरी पडवीत कुणी फारसं हलत नव्हतं. उद्याच्या जेवणासाठी धनाजीच्या बायकोनं, राजनंदिनीनं निवडायला घेतलेली डाळ सुपात तशीच होती. बिरप्पा दाराजवळच्या दगडावर बसला होता. त्याच्या पायाशी पाटीत मोरी कुत्रीची सहा पिल्लं होती, आठ-नऊ दिवसांची, डोळे मिटलेली.

साडेअकराला रेवणप्पाची मोटरसायकल अंगणात आली. बोअरच्या पाण्यावरून वाटणी झाल्यापासून, म्हणजे दोन वर्षांत, त्यानं या अंगणात पाय ठेवला नव्हता. वहिनीच्या मातीला आला तोही बाहेरूनच गेला होता.

धनाजी उठला. "या तात्या," म्हणाला आणि त्यानं बसायला पोतं अंथरलं. राजनंदिनीनं नवऱ्याकडं एकदा बघितलं आणि ती चहा ठेवायला आत गेली.

"झालं त्ये लई वंगाळ झालं," रेवणप्पा म्हणाला. "पर धना, एक ध्यानात ठीव. लांडगा म्हटलं तर सरकार भरपाई देतं. कुत्रं म्हटलं की बसा हात हालवत. आन हितं तर लांडगंच हाय, प्रश्न कुटं येतोय?"

"लांडगंच," धनाजी म्हणाला.

"न्हाय." वैजयंती रांजणापाशी हात धूत होती. ती अकलूजला डेअरीच्या जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होती, आणि सकाळपासून जखमी मेंढरांना टाके घालत होती. "एकाचाबी गळा धरलेला न्हाय. लांडगा एक धरतो, मारतो आन घिऊन जातो. ही नुसती फाडल्यात. कुत्र्यांनी."

"डेअरीत शिकवत्यात व्हय गं ताई ह्ये?"

"हितंच शिकले. मी सातवीत हुते तवा आबांनी दाखवलं. इचार की त्यास्नी."

धनाजीनं विचारलं नाही. बिरप्पा पिल्लांकडं बघत राहिला.

"कुत्री आली असती तर काळ्यानं रान डोक्यावर घेतलं असतं," धनाजी म्हणाला. "घर काय लांब हाय? लांडगा आला म्हणून दबला त्यो."

"काळ्या लांडग्याला दबतो?" राजनंदिनी चहाच्या कपबश्या घेऊन बाहेर आली. "दोन वर्सामागं लांडगीण आली तवा घसा बसंस्तोवर भुकला. अंगावर गेला तिच्या. खांदा फाटला हुता त्येचा, हळद भरली हुती मी. आज वरखडा न्हाय त्येच्या अंगावर."

"तू मधी बोलू नगं."

"मेंढरांमागं मी हिंडते. तुमी हिंडता मोटरसायकलीवर. मग मी न्हाय तर कोण बोलंल?"

रेवणप्पानं बशीत चहा ओतला. "सूनबाई तिखट हाय बरं का दादा," तो बिरप्पाला म्हणाला. कुणी हसलं नाही.

"तात्या, राग मानू नगा," राजनंदिनी म्हणाली, "पर मी लग्न हून आले तवा तुमच्या खड्ड्यावर चार कुत्री असायची. आता पंचवीस हायेत. मोजल्यात मी. पयलं दिवसा खड्ड्यावर पडून असायची. आता टोळी करून माळावर येत्यात. ससं दिसत न्हाय का खोकड दिसत न्हाय. हरणाचं पाडस वाढंना झालंय. गेल्या वर्सात बावीस कोकरं गेली आमची. लांडगी असताना सात जायाची, आठ जायाची. आत्ती म्हणायच्या, घरचा चोर बरा, त्येची भूक ठावी असती."

"तवा लांडगी किती हुती?" वैजयंतीनं विचारलं.

"सात."

"आन आता?"

"एक मादी. नर दोन वर्सांत दिसला न्हाय मला."

"लांडगी सात हुती तवर कुत्र्यांची माळावर पाय ठिवायची टाप नव्हती," वैजयंती म्हणाली. "खड्ड्यावर फुकटचं खाणं मिळालं, कुत्री वाढली. त्यांचा रोग लांडग्यास्नी लागला. तीन वर्सामागं ओढ्यात चार मेलेली सापडली की, त्यास्नी कुणी मारलं नव्हतं. मरायच्या आधी नाकातोंडातनं पाणी, पाय लटपटत हुते, आबांनीच सांगितलं मला फोनवर. लांडगी कमी झाली तशी कुत्री अजून पुढं सरकली. आता जी एक उरलीय ती उकरून मारा. मग माळाला धनीच न्हाय. ह्या वर्सी एकोणीस. पुढल्या वर्सी मोजायला तरी ऱ्हातील का बघा."

धनाजीला ते पटलं होतं, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. आणि पटलं म्हणूनच त्याचा आवाज चढला. "मग तात्या, खड्डा बुजवा. आजच्या आज."

"आत्ता व्हय?" रेवणप्पानं बशी खाली ठेवली. "आत्ता तर लांडगा हुता. मेलेल्या कोंबड्या काय डोक्यावर घिऊन फिरू?"

"पुरा. चुना टाका. जाळी मारा."

"आन पाण्याला बोअर देतोस का तुजा? तवा तर लई तोंड चाललं हुतं."

"बोअरचा काय संबंध?"

"आन खड्ड्याचा काय संबंध?" रेवणप्पा उभा राहिला. "सहा वर्सं त्या कुत्र्यांचा तरास मी काढतोय. गडी टिकत न्हाय शेडवर. मी पाळल्यात व्हय ती? कुणीतरी आणून सोडली माझ्या दारात, त्येला जाऊन इचारा. ज्येची कुत्री त्यानं बघावं!"

आत कुठंतरी भांड्यावर झाकण पडलं. वैजयंतीनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. एक वाजून गेला होता.

बिरप्पानं काठी टेकली आणि तो उठला. खुंटीवरचं जुनं घोंगडं खांद्यावर टाकलं.

"वैजा, चल माझ्यासंगं," तो म्हणाला. "रेवण्या, तू जाऊ नगंस. बस हितंच."

दोघं घळीत उतरले. काट्या बाजूला करताना वैजयंतीनं बापाकडं एकदा बघितलं. कुत्रीला घोंगड्यात घेऊन दोघांनी दोन टोकं धरली. ओझं फार नव्हतं. बिरप्पाचा गुडघा दुखत होता म्हणून ते दोनदा थांबले.

अंगणात त्यानं घोंगडं सोडलं. धनाजी जवळ आला. बिरप्पा खाली बसला आणि त्यानं कुत्रीचा डावा कान वर करून धरला.

"आपला काप," धनाजी म्हणाला.

"ही भुरी. सकाळी जाळीत मेलेली हुती. मीच नेऊन टाकली घळीत."

"भुरी तर दुधनीला दिली हुती की मामा," राजनंदिनी सासऱ्याला म्हणाली.

"दुधनीला कुत्रं गेलंच न्हाय. वेळापूरलाबी न्हाय. कुणीच घेतली न्हाईत. सगळी हितंच सोडली, रेवण्याच्या खड्ड्यावर. सहा वर्सं. चौदा पिल्लं."

"दादा," रेवणप्पा म्हणाला, "मी त्या पायी तीन गडी काढून टाकलं रं. वाटलं, त्येच आणत्यात."

"आईला ठावं हुतं?" वैजयंतीनं विचारलं.

"न्हाय."

राजनंदिनी दाराच्या चौकटीला टेकली. "आत्ती दवाखान्यातबी तिचंच नाव घ्यायच्या," ती म्हणाली. कुणाला लागावं म्हणून म्हणाली नाही. तिला आठवलं ते ती बोलली.

"म्हणून काळ्या भुकला न्हाय," धनाजी म्हणाला.

"भाऊबंद हायेत त्येचे," बिरप्पा म्हणाला. "वासावरनं वळखलं असंल. त्येच्यासंगं त्यांचं भांडान न्हाय."

"सकाळी का न्हाय बोललासा, आबा?" धनाजीनं विचारलं. "तीस माणसं तुमच्या तोंडाकडं बघत हुती. एक शब्द बोलायचा हुता."

"लाज वाटली."

"कुणाची? गावाची?"

"तुझ्या आईची."

धनाजी कुत्रीकडं बघत उभा राहिला. नंतर त्यानं खिशातून किल्ली काढली. "दोन वाजाय आलं," तो म्हणाला. "बसा मागं."

धनाजीच्या मागं बिरप्पा बसला. भुरी घोंगड्यात गुंडाळून त्याच्या मांडीवर आडवी होती. रेवणप्पानं आपली मोटरसायकल वळवली आणि वैजयंतीला म्हणाला, "बस गं पोरी." उताराकडची वाट खडकाळ होती. थंडी सुरू झाल्यापासून तिकडून चाक गेलेलं नव्हतं, कारण धनाजीनं आईचा नियम मोडला नव्हता. या वर्षी कुणी सांगायला नसतानाही त्यानं मेंढरं तिकडं घातली नव्हती. बिरप्पाच्या हे त्या वाटेवर पहिल्यांदा लक्षात आलं.

जोतिराम दोनपर्यंत थांबला नव्हता. बिळाच्या तोंडाशी गोवऱ्यांचा धूर निघत होता. पाच-सहा जणांनी कमरेएवढं उकरून काढलं होतं. तीन पिल्लं बाहेर काढून दगडापाशी ठेवली होती. ती आंधळ्यासारखी एकमेकांच्या अंगावर चढत होती. एक जोतिरामच्या हातात लोंबत होतं.

"या आण्णा, वेळेवर आला," तो म्हणाला. "आई पळाली, पर बियाणं हाताला लागलं."

बिरप्पानं घोंगडं त्याच्यापुढं उलगडलं.

"ह्यो काप कुणाचा, सांग."

जोतिराम वाकला. "तुमच्या घरचा."

"मेंढरं हिनं मारल्यात, हिनं आन हिच्या टोळीनं. ही माझी कुत्री. खड्ड्यावर मी सोडली. लांडगिणीनं काय केलेलं न्हाय. फावडी खाली ठिवा."

"आण्णा, काय बोलताय? स्वतःच्या तोंडानं?"

"स्वतःच्या तोंडानं. सकाळीच बोलाय पायजे हुतं."

माणसांनी एकमेकांकडं बघितलं. फावडं कुणी खाली ठेवलं नाही, पण कुणी मारलंही नाही. "न्हाय तरी लांडग्याची जात," मागून एकजण म्हणाला. "आज न्हाय तर उद्या खाईलच की."

"खाईल. वर्साला सात खाईल," धनाजी म्हणाला. "माझी मेंढरं हायेत. मला चालतंय. तुझी कुटं हायेत?"

त्यावर एकदोघं हसले. जोतिरामही थोडा हसला.

वैजयंतीनं त्याच्या हातातलं पिल्लू काढून घेतलं होतं. ती ते उलटंसुलटं करून बघत होती. मग ते घेऊन ती भुरीपाशी आली आणि खाली बसली. लांडग्याची पिल्लं जन्मतात ती काळपट, फार तर छातीशी फिकट डाग. त्या पिल्लाच्या छातीवर मात्र ठळक पांढरा ठिपका होता आणि पुढच्या दोन्ही पायांची बोटं पांढरी होती. दगडापाशी ठेवलेल्या तिघांतल्या एकाच्या शेपटीचं टोक पांढरं होतं.

जोतिरामनं आधी पिल्लाकडं बघितलं, मग भुरीच्या छातीकडं. "आयला," तो म्हणाला. "ह्यो कोण म्हणायचा?"

"नर न्हाय ऱ्हायला की असं हुतं," वैजयंती म्हणाली. "तिनं टोळीतला गाठला."

"म्हंजी बिरप्पा आण्णाचा नातू झाला की," जोतिराम म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

बिरप्पानं पिल्लू हातात घेतलं. बनाबाई पिल्लं घेई तसं त्यानं ते डाव्या तळव्यावर ठेवलं आणि अंगठ्यानं त्याचा कान सरळ केला. मग तो बिळाच्या तोंडाशी बसला, गोवऱ्या काठीनं बाजूला सारल्या आणि एकेक करून चारी पिल्लं आत ठेवली. उकरलेली माती धनाजीनं आणि रेवणप्पानं मागं ओढली. तोंड पहिल्यासारखं झालं नाही, पण झाकलं गेलं.

निघताना राखाडी काहीतरी पलीकडच्या बांधावर उभं असलेलं सगळ्यांनी बघितलं. ते जवळ आलं नाही आणि पळूनही गेलं नाही.

चारला वनरक्षक आला. कुणी मारलं, असं त्यानं विचारलं तेव्हा बिरप्पा म्हणाला, "कुत्र्यांनी." "मग आमच्याकडनं काही होणार नाही, बाबा," तो म्हणाला. "ठावं हाय," बिरप्पा म्हणाला. रेवणप्पा त्या वेळी तिथंच होता. त्यानं मान खाली घातली होती.

गुरुवारी बनाबाईच्या वर्षाचं जेवण झालं. माणसं कमीच आली. रेवणप्पा घरच्यांना घेऊन आला आणि पंगतीत धनाजीच्या शेजारी बसला. जेवताना तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात खड्डा बुजवतो, चुना सांगितलाय. धनाजी म्हणाला, बोअरचं पाणी घ्या लागंल तेवढं. वैजयंतीनं सोलापूरच्या कुत्री पकडून शस्त्रक्रिया करणाऱ्या लोकांचा नंबर काढून दिला. ते म्हणाले, पंचवीस कुत्र्यांना दीड-दोन महिने लागतील, आधी नाव नोंदवा. मोरीचीही शस्त्रक्रिया करून घ्यावी, असं ती बापाला म्हणाली. बिरप्पा हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

नैवेद्याचं पान त्यानंच फोटोपुढं ठेवलं. सगळे हात जोडून बाजूला झाले तरी तो तिथं थोडा वेळ बसला.

शनिवारी राजनंदिनी मेंढरं घेऊन माळावर गेली होती. तिनं येऊन सांगितलं, बीळ रिकामं आहे, मातीवर फक्त लांडगिणीच्या पायांचे ठसे आहेत. पिल्लं तिनं कुठं हलवली ते दिसलं नाही. चारही जगवली की दोनच, तेही कळलं नाही.

रविवारी वैजयंती अकलूजला गेली. त्याच दिवशी मोरीच्या पिल्लांचे डोळे उघडले. बिरप्पानं कातर शोधून चुलीजवळ ठेवली आणि पाटी पुढं ओढून घेतली. संध्याकाळी धनाजीनं पाटी उचलून आत ठेवली. सहा पिल्लं होती. त्यांचे कान कापायचे राहिले होते.